वाटाणा गल्ली, शेवटचा गुरुवार

एकोणीस खोकी भरून झाली.
विसाव्यात काय घालावं ते सुचेना,
तेव्हा कोट चढवला आणि खाली उतरले.

तार्तूच्या या भागात गल्ल्यांना भाज्यांची नावं आहेत.
बटाटा, घेवडा, वाटाणा.
अकरा वर्षं मी वाटाण्यात राहिले.
लाकडी घर, समाईक जिना,
आणि हेल्गीबाईंच्या चुलीचा धूर, जो भिंतीतून
माझ्या टॉवेलांपर्यंत पोचायचा.

दर गुरुवारी जुन्या धोबीखान्यात कुणीतरी वाजवतं.
माइक नाही, स्पीकर नाही.
बाहेर बर्फ इतकं मुकाट पडत होतं
की आतलं खाकरणंसुद्धा
कार्यक्रमाचा भाग वाटावं.

एंडेल दिवसा बूट शिवतो.
रात्री मांडीवर उभं धरतो ते चौकोनी वाद्य,
आमच्या बेटाकडचं,
चार तारा, चारही घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या.
गज फिरला की येतो तो आवाज गोड नाही.
दार करकरावं, आणि मग कळावं
दार नव्हे, कुणीतरी बोलतंय.

वीस मिनिटं तो नुसता सूर लावत होता.
केस ओल पितात, म्हणाला, उतरतात. माफ करा.
कुणी घड्याळ पाहिलं नाही.
एक मूल खुर्चीखाली शिरून
आपले पायमोजे काढत होतं.

गेले तीन महिने मी सगळ्यांना सांगत आले:
बाबांचा गुडघा.
जिना चढवत नाही, मेंढ्या कोण बघणार.
ऑफिसात सांगितलं, बँकेत सांगितलं,
रायवोला सांगितलं, जो आता माझा कुणीच नाही,
तरी त्यालाही मुद्दाम फोन करून गुडघाच सांगितला.
तो गुडघा
बाबांपेक्षा मीच जास्त वापरला.

मग वाजू लागलं.
एक तार चालते, बाकीच्या जागच्या हलत नाहीत.
एकच सूर धरून गुणगुणत राहतात,
घरात कुणी जागं असल्यासारख्या.
चालणारी लांब जाते, अडखळते,
बोटांच्या पाठीने तिला रेटावं लागतं,
आणि ती परत येते तेव्हा
कुणी विचारत नाही, कुठे होतीस.

दुसऱ्या चालीत एक केस तुटला.
बारीक, पांढरा, तरंगत माझ्या बाहीवर आला.
एंडेल थांबला नाही.
आणि मला एकदम हसू फुटलं, तोंडावर हात ठेवावा लागला,
कारण बाबांचा गुडघा सप्टेंबरातच बरा झालाय.
त्यांनीच सांगितलं होतं. शिडी लावून छप्पर सांधलं म्हणाले.
मी ऐकलं होतं,
आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन
पुन्हा तोच गुडघा सांगितला होता.

मला जायचंय. एवढंच होतं ते.
हरले म्हणून नाही, कुणाचं अडलंय म्हणून नाही.
मला रोहुक्युलाच्या धक्क्यावर उभं राहून
बोट उशिरा आली म्हणून वैतागायचंय.
ज्युनिपरच्या धुरावर धरलेला मासा
हातानेच खायचाय, काटे परसात थुंकत.
'लेंबी आली का गं!' असं नको मला.
'लेंबी, दार लाव, गारठा येतोय'
असं कुणी मान वर न करता म्हणायला हवंय.

टाळ्या उशिराच पडल्या.
मी केस परत द्यायला गेले.
ठेव, म्हणाला एंडेल,
माझ्याकडे अख्खा घोडा आहे.

विसाव्या खोक्यात काहीच घातलं नाही.
घडी करून जिन्यात ठेवलं,
हेल्गीबाईंना चूल पेटवायला.

सकाळी फोन केला. शनिवारी येतेय.
का, म्हणाले बाबा.
अशीच.
पलीकडे थोडा वेळ नुसता वारा.
बरं, म्हणाले. मीठ संपलंय,
येताना आण.