धबधब्याच्या अलीकडे

लागोदेखीच्या फाटकाशी पाटी आहे:
धबधबा, येऊन-जाऊन तीन तास.
लिहिणाऱ्याला मूलबाळ नसावं.

नुत्साला पहिल्याच चढावर गोगलगाय दिसली.
मग आम्ही सगळेच थांबलो,
ती बाई पायवाट ओलांडेस्तोवर.
वाट चुकू नये म्हणून झाडांवर पिवळे पट्टे;
नुत्सा एकेका पट्ट्याला हात लावून
'गामार्जोबा' म्हणते, उत्तराची वाट बघते.
दर ओढ्याला एक दगड माझ्या खिशात.

मक्वला पुढं गेली होती, काठी टेकत परत आली.
"उजेडी पोचत नाही आपण."
चुर्चखेलाचे तीन तुकडे केले,
अक्रोड कुणाला जास्त, यावर जरा भांडलो.

आणि नुत्सा एकदम गप्प.
"बाबा, लांब कुणीतरी टाळ्या वाजवतंय,
थांबतच नाहीये."

माझ्या वडिलांनी मला तिथवर नेलं होतं,
मनगट धरून, सव्वा तासात.
पाणी कसं होतं, आठवत नाही.
मनगट आठवतं.

आम्ही तिथंच बसून ऐकलं.
मग उतरलो.
एका हाताने तिचा हात,
दुसऱ्याने माझी पँट सावरत,
दगडांनी खाली ओढलेली.