कल्ले

खाट सात. घनःश्याम कुबल, वय एकसष्ट, धंदा तांडेल.
ऑपरेशन कोल्हापुरात झालं, पुढचं निस्तरायला आमच्याकडे,
देवगडच्या या बारा खाटांत,
जिथं खिडकीतून बंदराचा डिझेलवास येतो.

मी फॉर्म भरते.
नाडी ब्याऐंशी. ताप नाही. टाके कोरडे.
आंघोळ: मदतीने.
चालणं: भिंत धरून. पहाटे सवयीनं संडासाच्या दारापर्यंत जातो,
कडीला हात लावतो, मग आठवतं, परत फिरतो.
पोटाच्या डाव्या अंगाला काढलेली नवी वाट,
तिच्यावर पिशवी. पिशवीची निगा:
इथं पेन थांबतं.

पाच दिवस त्यानं खाली पाहिलेलं नाही.
मी पिशवी बदलते, तो पंख्याकडे बघतो,
शेजारचं भांडण ऐकूच न आल्यासारखा.
सत्यवती पेजेचा डबा घेऊन येते,
तिलाही म्हणतो, "जरा भायर बस."

"काका, घरी गेल्यावर हे तुम्हालाच करायचंय."
"काळोखात व्हडी उपसतंय मी. ह्या कित्याक बघूक होया?"
"भोक कुठं पडलंय ते तरी उजेडातच बघता ना?"
उत्तर नाही.

मी मूळची गारगोटीची.
पहिल्या वर्षी इथल्या बाजारात
शिळा बांगडा ताजा म्हणून तीनदा घेतला मी.
चिकटपट्टी सोलताना हे उगाच सांगून बसले
आणि तो हसला, पोटाशी उशी दाबून,
खोकताना दाबायला शिकवली होती तशीच.
"कल्लो उचलून बघूचो, सिस्टर. लाल नि ओलो, तर घे.
काळो पडलेलो आसात
तर इकणारणीन देवाची शपथ घेतल्यान तरी घेव नको."

"मग हे बघा," मी म्हटलं, "आणि सांगा मला."

पंखा फिरत राहिला.
तो कोपरावर उठला, कण्हला,
टोपलीवरचं फडकं उचलून बघावं
तशी मान वाकवली.
बराच वेळ.
"लाल आसा."
"ओलं?"
"ओला पण आसा." मग, जरा चिडून, "ताजा आसा गो."

मी लिहिलं: रंग लाल, ओलसर, सूज कमी.
कोणी पाहिलं याला फॉर्मात रकाना नाही.

दुपारी त्यानं कात्री मागितली.
चकतीला गोल भोक पाडायचं, मापाहून किंचित मोकळं,
नाहीतर कातडी सोलवटते.
चाळीस वर्षं जाळी सांधलेली बोटं, तरी पहिली चकती फाटली.
त्यानं कात्रीला शिवी दिली, मग कंपनीला.
दुसरी वाकडी झाली.
"स्वतः करतो" पुढं मी पेन्सिलीनं
अर्धीच खूण केली, खोडता येईल अशी.

सत्यवती दाराबाहेर बाकावर होती, डबा मांडीवर.
तिसरी चकती त्यानं उजेडाकडे धरली,
लांब, मग जवळ, मग पुन्हा लांब.
"तिका आत बोलव," म्हणाला,
"चष्मो तिच्याकडे आसा."