पुडी

छत्रीबागेत, रिखबचंदांच्या दुकानी
मुंबईचे जुने अंक शेरावर यायचे.
फाडायचं काम माझं.
अर्ध्या पानात जिरं, अर्ध्यात हळकुंडं.

दुसऱ्या दिवशी आवडाकाकू
आलवणाच्या पदराआड रिकामी पुडी घेऊन परत.
"जिरं बरं आहे रे.
पण जहाजाचं पुढं काय झालं?"

कुठलं जहाज?

तिनं ओट्यावर सुरकुत्या सपाट केल्या,
बोट ठेवून वाचलं:
'बर्फाच्या डोंगरास धडकून मध्यरात्री'
आणि तिथंच माझी फाड.

हळकुंडं फडणिसांच्या लग्नघरी गेलेली.
कागद चुलीत.

"वाचली असतील माणसं," मी म्हणालो.
"छापलंय का तसं?"

इंदूरला समुद्र नाही.
तरी त्या दिवसापासून मी
कागद उभाच फाडतो,
रकान्याच्या रेघेवरून.