पोच

मुहर्रकच्या मागच्या गल्लीत, सुक्या मासळीच्या दुकानावर
दोन खोल्यांची आमची संस्था.
ऐकू न येणाऱ्या मुलांना कानाची यंत्रं द्यायची,
मग बोलायला शिकवायचं.
मला ठेवलं पावत्या फाडायला.
नवरा अॅल्युमिनियमच्या भट्टीवर, तीन पाळ्यांत वाटलेला,
मी कराडची, बीकॉम, फ्लॅटमध्ये बसून आंबलेली.
मरियमबाईंनी विचारलं, अक्षर कसं आहे?
तेवढ्यावर झालं.

पावतीखाली एकच ओळ: आपले आभारी आहोत.
एका दुपारी तीनशे वेळा आभारी व्हायचे
आणि मग डबा उघडायचे.

दुसऱ्या वर्षी हाजी जासिमना पत्र गेलं:
आपणांस उदंड आयुष्य लाभो.
त्यांना जाऊन चाळीस दिवस झाले होते.

आमच्याकडे अशा माणसाबद्दल विचारतात,
हिला काही पोच आहे का?
पत्राची पोच मात्र लगेच आली.
त्यांच्या पत्नीने, उम्म हिशामनी, घरी बोलावलं.

वाटलं, गेली नोकरी.
त्यांनी कॉफी ओतली, वेलदोड्याची, कडू,
बोटभर पेल्यात. संपली की पुन्हा.
सहावा झाला, सातवा. नको म्हणणं बरं दिसेना.
शेवटी त्याच हसल्या, माझं मनगट धरलं,
रिकामा पेला डावी-उजवीकडे हलवून दाखवला.
पुरे झालं की असं करायचं.
नाहीतर ओतणारा ओतत राहतो,
त्याचा काय दोष?

पत्राबद्दल अवाक्षर नाही.
दारात म्हणाल्या, हाजींच्या पैशातलं एखादं यंत्र
कुठल्या तरी कानात असेल.
नाव नको सांगूस.
त्या मुलाने पहिलं काय ऐकलं, ते सांग.

मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून विचारत सुटले.
एकाने कुकरची शिट्टी ऐकली आणि पलंगाखाली शिरला.
एक मुलगी आपल्याच चपलांच्या आवाजावर
जिन्यात वर-खाली करत राहिली.
याकूबने एसी ऐकला, आणि दिवसभर रडला
की हे थांबवा.
हे सगळं पत्रांत जाऊ लागलं.
वहीत वेगळं: कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीचं लग्न,
कुणाला भिंतीवर नाव हवं,
कुणाला नाव दिसलं तर पुढचा चेक येणार नाही.

येल्लय्या सेंट्रिंगवाला पगार झाला की गुरुवारी
दोन दिनार ठेवायचा. पावती घ्यायचा नाही.
घरी सापडली तर म्हणतील, आम्हाला का नाही पाठवले?
त्याच्या एकशे सदतीस पावत्या
माझ्या खणात आहेत.

पुढे कार्ड छापलं: देणगीदार संबंध प्रमुख.
सासरी सगळ्यांनी ते हातात घेऊन पाहिलं.
धाकटा दीर म्हणाला, म्हणजे वर्गणी?
म्हटलं, हो, वर्गणीच.
फक्त विसर्जनानंतरही जात राहायचं.

यंदा नवी समिती आली. पडद्यावर आकडे.
उम्म हिशाम यांच्यापुढे लिहिलेलं: तिप्पट शक्य.
गेले. पिशवीत कागद, तीन पानी, रंगीत.
त्या ब्याऐंशीच्या. मुलगा दाराशी, फोनवर.
कॉफी त्यांनीच ओतली, दोघींना.
स्वतःची संपवली, आणि हातातला पेला
हलला.

वयाने हलला की सांगायला,
मला कळलं नाही.
मी पिशवीची चेन ओढून घेतली.

म्हटलं, हाजींच्या वेळचा तो याकूब,
आता आमच्याकडेच यंत्रं दुरुस्त करतो.
खोलीत एसी लावत नाही.
त्या पुढे वाकल्या, कानामागे तळहात धरला,
मोठ्याने सांग गं, हल्ली मला येत नाही ऐकू.
खुर्ची सरकवून मी अगदी जवळ गेले,
कुकरच्या शिट्टीपासून सुरुवात केली.

समितीच्या तक्त्यात लिहिलं: भेट झाली.
रकमेच्या रकान्यात आडवी रेघ.
खाली, पोच म्हणून, माझी सही.
अक्षर अजून चांगलं आहे.