अठ्ठेचाळीस तास

कायसेरीच्या इस्पितळात
वेहबी उस्तांच्या दंडाखाली कोरी सुई टोचून
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परवा या.
फोड येतो का बघू.

वीस वर्षं रजया शिवल्या त्यांनी.
सुया किती टोचल्या, अंगुस्तानाला विचारा.
बोट चोखायचं, पुढचा टाका घालायचा.

आता अक्रोड खाल्ला की तोंडभर आग.
डावा डोळा धुक्यात; दोरा मुकद्देर ओवून देते.
रक्तालाच म्हणे आपलं-परकं कळेना,
काट्याचा नायटा करतंय
नसानसांतून.

परवाची पहाट.
बाही वर सारून ते अंगठ्यानं चाचपतात,
कापसातली गाठ शोधावी तसे.

"आहे," मुकद्देर म्हणते. "मोहरीएवढा."

"दिवा मालव.
अजून चार तास आहेत."