तक्ता

उईके गुरुजींनी बदली झाली तेव्हा दोन गोष्टी सोपवल्या :
पोषण आहाराच्या खोलीची किल्ली
आणि हा तक्ता,
जगातली सर्वांत मोठी शहरं, उतरत्या क्रमानं.

छापील न्यूयॉर्कवर त्यांनीच टोकियोची चिठ्ठी डकवलेली,
बाभळीच्या डिंकानं.
यंदा तिच्यावर मी जाकार्ता लावलं.
खाली ढाका.
लंडन घसरत घसरत तक्त्याबाहेर गेलं.
लागोस, किन्शासा म्हणताना
पोरं बोरं चघळल्यासारखी गाल फुगवतात.

"मॅडम, इतले लोकं येते कुठून?"
चंद्रभाननं विचारलं.
खेड्यांतून, मी म्हटलं.
त्यानं वर्गात मान फिरवली.
आम्ही सात, एक पाल, आणि तुटका ग्लोब.
"माहा मामा हैदराबादले गेला. त्याचा नंबर कितवा?"
हैदराबाद अजून तक्त्यात नाही रे.
"तं चिठ्ठी कापून ठेवा ना."

आता सकाळची शाळा.
दहा वाजताच टिनाचं छत कडकड वाजतं,
डिंक तडकतो.
जाकार्ताची कड वळली,
आडून टोकियोचा टो दिसतोय,
त्याखाली न्यूयॉर्कची पिवळी शाई.

अंगठ्यानं दाबून धरते.
सोडलं की पुन्हा उचलते.