पाव इंचाची फट

खिडकी म्हणायची म्हणून खिडकी.
बाहेरून जमिनीत रुतलेली,
आतून छताला चिकटलेली,
मध्ये पन्नास हिवाळ्यांचा गंज.

थंडर बेमध्ये ऑक्टोबरचा पहिला शनिवार.
बर्फाच्या आत उरकलं तर उरकलं,
नाहीतर एप्रिलपर्यंत गोणपाट आणि देवाची कृपा.

खिडकीपुढच्या पत्र्याच्या खड्ड्यातून आधी
दोन बादल्या बर्चची कुजकी पानं काढली,
एक टेनिसचा चेंडू,
आणि एक बेडूक. तो माझ्याकडे बघत राहिला,
जशी मीच घर रिकामं करायची नोटीस घेऊन आलेय.
त्याला ऱ्हुबार्बच्या वाफ्यात नेऊन ठेवलं.

शेजारचा गेटान मदतीला आला,
म्हणजे कॉफीचा मग घेऊन उभा राहिला.
‘भिंत कापून मोठीच कर, राइली.
आग लागली तर माणूस बाहेर पडायला हवा.’
खाली झोपतं कोण, म्हटलं.
काकडीच्या बरण्या आणि बॉयलर.

चौकट मधोमध करवतीनं कापली,
पहार घातली, ओढली.
आणि डाव्या बाजूच्या फटीतून
चुन्याबरोबर खाली पडला
एक लाल हातमोजा. लहान मुलीचा.
मनगटावर दोन पांढऱ्या रेघा.

मी आठ वर्षांची होते.
‘डोकं तरी जागेवर आहे का तुझं?’
आई बोलली ते बोललीच,
वर शिक्षा: नवा मिळणार नाही.
तो अख्खा हिवाळा मी शाळेत गेले
उजव्या हातात हातमोजा,
डाव्यात बाबांचा पायमोजा घालून.
वर्गात माझं नाव काय पडलं ते सांगत नाही.

बाबा टेबलाशी बसून बटाटा सोलत होते.
दोनदा मोज, एकदा काप,
हे सगळ्या गल्लीला शिकवणारे बाबा.
पाव इंच मोजायला चुकले,
म्हणून मोजा.
चोर सोडून संन्याशाला फाशी,
आणि चोर म्हणतोय, मीठ दे जरा.

मी पायरीवर बसून हसले.
गेटानला वाटलं, बोट कापलं.

नवी खिडकी पांढरी, प्लास्टिकची,
कागदावर अगदी चोख. तीनदा मोजली होती मी.
बसवली,
तर डावीकडे फट.
भिंतच खचलीय, मी म्हटलं.
‘फोम मार,’ गेटान म्हणाला, ‘कुणाला कळतंय.’
मारला. पिवळा, फुगत गेला,
पावासारखा.

हातमोजा धुऊन दोरीवर लावलाय.
एकटाच.
त्याची जोडी आईनं त्याच वसंतात उसवली
आणि त्या लोकरीचा
बाबांच्या टोपीला काठ केला.
वीस हिवाळे घातली त्यांनी ती टोपी,
कानांवरून खाली, पार डोळ्यांपर्यंत ओढून.